आकाशवाणी ते भारतवाणी

पाठ १२

१२.१ प्रस्तावना

मित्रहो, बँकेत खाते उघडणे, शिधापत्रिकेवर धान्य घेणे, शेताचा सातबारा काढणे, परीक्षेचा अर्ज भरणे ही कामे आपणां सर्वांना करावी लागतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी अशा प्रत्येक कामासाठी एखाद्या माणसासमोर उभे राहावे लागे. आज त्यांतील बरीचशी कामे संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर होतात. पडद्याला वशिला लागत नाही आणि तो कोणाची जात विचारून तोंड फिरवीत नाही. हा त्याचा मोठा गुण आहे. पण ज्याला तो वाचता येत नाही, त्याची अडचणही पडद्याला कळत नाही. म्हणूनच नवे तंत्रज्ञान काहींना जवळ आणते आणि काहींना दूर लोटते.

हे असे का घडते? आणि असे घडू नये यासाठी काय करावे लागते? या पाठात आपण या प्रश्नांचा विचार करणार आहोत. त्यासाठी कर्नाटकातील म्हैसूर शहरापासून प्रारंभ करू आणि तेथून आपल्या महाराष्ट्रातही येऊ.

१२.२ उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्ही

• नभोवाणी आणि संगणक या दोन साधनांमधील फरक सांगू शकाल;
• तंत्रज्ञानापर्यंतची पोहोच आणि नागरिकाचे हक्क यांचा संबंध स्पष्ट करू शकाल;
• यंत्रात भाषा असणे का आवश्यक आहे, हे उदाहरणांसह लिहू शकाल;
• माहिती मागताना व तक्रार करताना उपयोगी पडणाऱ्या कायदेशीर तरतुदी सांगू शकाल;
• सामासिक शब्दांचा विग्रह करू शकाल.

१२.३ मूळ पाठ

(अ) एका घरातून निघालेला आवाज

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसऱ्याची मिरवणूक, चंदनाचे साबण आणि म्हैसूरपाक आठवतात. १ नोव्हेंबर २०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव ‘मैसूरु’ झाले आहे. मराठीत मात्र ‘म्हैसूर’ हेच नाव रुळलेले आहे. राजघराण्याच्या या नगरीत १९३५ साली एक वेगळीच घटना घडली. म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी ‘विठ्ठल विहार’ या आपल्या राहत्या घरी लहानसे प्रक्षेपण यंत्र बसविले आणि खासगी नभोवाणी केंद्र सुरू केले. त्या केंद्राला नाव मिळाले ‘आकाशवाणी’. पुढे हे केंद्र म्हैसूर संस्थानाने आपल्याकडे घेतले. १९५७ पासून ‘आकाशवाणी’ हे नाव देशाच्या सरकारी नभोवाणीचे अधिकृत नाव झाले.

आकाशवाणी हा शब्द आपल्याला पुराणांतून ठाऊक होता. कंसाने ऐकलेली आकाशवाणी कीर्तनकार रंगवून सांगत. बोलणारा दिसत नाही, पण आवाज स्पष्ट ऐकू येतो, हा त्या शब्दाचा अर्थ नव्या यंत्राला अगदी नेमका लागू पडला. जुन्या शब्दाला नवे काम मिळाले आणि परके यंत्र घरचे वाटू लागले.

नभोवाणीचा एक गुण विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. त्या काळी रेडिओचा संच महाग होता; तो घेणे सर्वांना परवडत नसे. परंतु एका संचाभोवती दहा माणसे बसू शकत. चावडीवर, हॉटेलात किंवा शेजाऱ्याच्या ओसरीवर बसून बातम्या, गाणी, शेतीविषयक सल्ला ऐकता येई. त्यासाठी अक्षरओळखीची गरज नव्हती. कान असलेला प्रत्येक माणूस श्रोता होऊ शकत असे. मात्र नभोवाणीची एक मर्यादाही होती. ती बोलत असे, पण ऐकत नसे. श्रोत्याला तिच्याकडे काही मागता येत नसे.

संगणक आणि मोबाइल यांनी ही मर्यादा ओलांडली. आता नागरिकाला विचारता येते, मागता येते, तक्रार करता येते. पण त्याचबरोबर यंत्रही नागरिकाला विचारू लागले. नाव लिहा, क्रमांक टाका, परवलीचा शब्द सांगा, अंगठा लावा. ऐकण्यासाठी कान पुरत होते. उत्तर देण्यासाठी अक्षरे लागतात, यंत्र लागते, जोडणी लागते आणि भाषा लागते. यांपैकी एक जरी कमी पडले, तरी दार उघडत नाही.

पाठगत प्रश्न १

(१) ‘आकाशवाणी’ हे नाव प्रथम कोणत्या शहरातील केंद्राला देण्यात आले?
(२) नभोवाणी ऐकण्यासाठी अक्षरओळख का लागत नसे?
(३) योग्य पर्याय निवडा : नभोवाणीची मुख्य मर्यादा कोणती?
(क) ती महाग होती (ख) ती बोलत असे, पण ऐकत नसे (ग) ती फक्त शहरात होती

(आ) पडदा कोणाकडे वळलेला आहे?

कर्नाटक सरकारने २००० साली ‘भूमी’ हा प्रकल्प सुरू केला. महाराष्ट्रात ज्याला आपण सातबारा म्हणतो, तसा जमिनीचा उतारा कर्नाटकात ‘पहाणी’ म्हणून ओळखला जातो. पूर्वी हे उतारे गावोगावच्या ग्रामलेखापालांच्या दप्तरात हाताने लिहिलेले असत. ग्रामलेखापाल भेटला नाही, तर उतारा मिळत नसे. उतारा नसेल, तर पीककर्ज मिळत नसे. नोंद बदलली आहे की नाही, हे शेतकऱ्याला पुष्कळदा फार उशिरा कळे. ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या जवळजवळ दोन कोटी नोंदी संगणकावर घेण्यात आल्या. तालुक्याच्या ठिकाणी खिडक्या उघडल्या आणि पंधरा रुपये शुल्क भरून उतारा हातात पडू लागला. फेरफाराचे अर्ज आलेल्या क्रमानेच निकालात काढायचे, अशी व्यवस्था संगणकातच बसविण्यात आली. त्यामुळे मागून आलेल्याचा अर्ज पुढे सरकविणे अवघड झाले.

या खिडक्यांवर एक साधी पण अर्थपूर्ण सोय होती. कर्मचाऱ्यासमोर जसा एक पडदा होता, तसा दुसरा पडदा अर्जदाराकडे तोंड करून ठेवलेला होता. आपल्या जमिनीची नोंद उघडली जात असताना शेतकऱ्याला ती कन्नड भाषेत समोर दिसत असे. नाव चुकले असेल, क्षेत्र कमी दाखविले असेल, तर तो तेथेच बोट ठेवू शकत असे. हा दुसरा पडदा फार खर्चाचा नव्हता. परंतु त्यामुळे शेतकरी हात जोडून उभा राहणारा याचक राहिला नाही. आपल्या कागदाचा तो साक्षीदार झाला.

कोणत्याही नव्या व्यवस्थेची पारख करताना हाच प्रश्न विचारावा : पडदा कोणाकडे वळलेला आहे? तो नागरिकाकडे वळलेला असेल, तर तंत्रज्ञान त्याला बळ देते. तो केवळ मध्यस्थाकडे वळलेला असेल, तर जुने परावलंबन नव्या रूपात कायम राहते. पूर्वी अर्ज लिहून देणारा कारकून होता. आता अर्ज भरून देणारा दुकानदार आहे, एवढाच फरक उरतो. अर्थात, पडदा वळलेला असूनही ज्याला वाचता येत नाही, त्याला त्याचा लाभ अर्धाच मिळतो. म्हणून साक्षरता आणि तंत्रज्ञान यांना एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही.

(इ) ओळख आणि अडथळा

आता महाराष्ट्राकडे येऊ. नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ज्यांच्याकडे जन्माचा दाखला नाही, जमिनीचा कागद नाही, कामासाठी जे परमुलखात जातात, त्यांना कोठेही चालेल अशी ओळख मिळावी, हा त्यामागील हेतू होता. बँकेचे खाते उघडणे त्यामुळे अनेकांना सोपे झाले, हे खरे आहे.

परंतु ओळख पटविणारे यंत्र बोटांचे ठसे वाचते. आयुष्यभर माती, सिमेंट, ऊस किंवा भांडी हाताळणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात. म्हातारपणी त्या आणखी पुसट होतात. यंत्र ठसा नाकारते, तेव्हा समोरचा माणूस खोटा ठरत नाही; यंत्र अपुरे पडलेले असते. तरीही रिकामी पिशवी घेऊन घरी परतावे लागते ते त्या माणसालाच. २०१६ च्या आधार कायद्यात, आधार क्रमांक मिळालेला नसेल तर लाभासाठी ओळख पटविण्याचे अन्य मार्ग उपलब्ध करून द्यावेत, अशी तरतूद आहे. यंत्रापाशी दुसरी वाट ठेवावी लागते, हे कायद्याने मान्य केले आहे. ही वाट प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक खिडकीवर खरोखर उघडी आहे ना, हे पाहणे मात्र समाजाचे काम आहे.

पाठगत प्रश्न २

(१) ‘भूमी’ प्रकल्पातील दुसऱ्या पडद्याचा शेतकऱ्याला कोणता उपयोग झाला?
(२) फेरफाराचे अर्ज कोणत्या क्रमाने निकालात काढले जात?
(३) चूक की बरोबर ते सांगा : यंत्राने ठसा नाकारला म्हणजे माणसाची ओळख खोटी ठरते.

(ई) लसीची रांग

तंत्रज्ञानापर्यंत पोहोच नसणे किती गंभीर ठरू शकते, हे २०२१ साली साऱ्या देशाने पाहिले. करोनाची दुसरी लाट भरात होती. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ या वयोगटासाठी लसीकरण खुले झाले. पण त्यासाठी ‘को-विन’ या संकेतस्थळावर आधी नोंदणी करणे सक्तीचे होते. केंद्रावर जाऊन रांगेत उभे राहिले, तरी नोंदणीविना लस मिळत नव्हती. वेळा जाहीर होताच काही क्षणांत संपून जात. शहरातील तरुण वेगवान जोडणीच्या बळावर खेड्यातील केंद्रांच्या वेळा राखून ठेवीत आणि त्याच गावचे लोक लसीविना राहत, अशी उदाहरणे ठिकठिकाणांहून पुढे आली. शिवाय आरंभी हे संकेतस्थळ वापरण्यासाठी इंग्रजी वाचता येणे भाग होते.

या परिस्थितीचा विचार करताना राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे ध्यानात घेतले पाहिजेत. २०१७-१८ मधील पाहणीनुसार ग्रामीण भागातील १०० कुटुंबांपैकी सुमारे १५ कुटुंबांकडे आणि शहरी भागातील १०० कुटुंबांपैकी ४२ कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक तर ग्रामीण भागातील १०० पैकी ४-५ कुटुंबांकडेच होता. त्यानंतर मोबाइलचा प्रसार पुष्कळ वाढला; तरी घरात एकच मोबाइल असेल आणि तो कर्त्या पुरुषाच्या खिशात असेल, तर घरातील स्त्रियांची, मुलांची आणि वृद्धांची पोहोच कागदावरच राहते.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या विषमतेची दखल घेतली. केवळ संकेतस्थळावर अवलंबून राहिल्यास सर्वांचे लसीकरण होणे कठीण आहे, असे मत न्यायालयाने मांडले आणि प्रादेशिक भाषांचा व दृष्टिहीनांच्या सोयीचा प्रश्नही उपस्थित केला. त्याआधी २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीची मुभा देण्यात आली होती. जूनच्या आरंभी हे संकेतस्थळ मराठी, कन्नड यांसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाले आणि २१ जूनपासून थेट केंद्रावर जाऊन लस घेण्याची वाट सर्वत्र मोकळी झाली.

या घटनेतून काय शिकायचे? लस सर्वांसाठी होती, खर्चाची तरतूद होती, डॉक्टर आणि परिचारिकाही होत्या. मधला दरवाजा मात्र इंग्रजी अक्षरांचा आणि वेगवान जोडणीचा होता. हक्क कागदावर समान असला, तरी त्याच्यापर्यंतची वाट समान नसेल, तर हक्कही समान राहत नाही.

(उ) यंत्राला भाषा शिकविणारे शहर

यंत्रात आपली भाषा येते कोठून? ती आपोआप येत नाही. ती शिकवावी लागते. या कामात म्हैसूरचा वाटा मोठा आहे. १७ जुलै १९६९ रोजी म्हैसूर येथे भारतीय भाषा संस्थान या केंद्र सरकारच्या संस्थेची स्थापना झाली. डॉ. डी. पी. पट्टनायक हे तिचे पहिले संचालक होते. अन्यभाषक शिक्षकांना भारतीय भाषा शिकविणे आणि लहान-मोठ्या सर्व भाषांचा अभ्यास करणे ही तिची कामे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परिसरात या संस्थानाचे पश्चिम विभागीय भाषा केंद्र आहे. तेथे अन्य राज्यांतून आलेले शिक्षक मराठी शिकतात.

यंत्राला भाषा शिकविण्याच्या कामातील पहिली पायरी म्हणजे अक्षरे. संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला अंक कळतात. पूर्वी प्रत्येक फॉन्टची अंकव्यवस्था वेगळी असे. एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्या संगणकावर उघडले, की अगम्य चिन्हांची गर्दी दिसे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीने प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक दिला. त्यात ‘म’ या अक्षराचा क्रमांक २३५० आणि ‘ळ’ चा क्रमांक २३५५ आहे. जगातील कोणत्याही यंत्रावर हे क्रमांक तेच राहतात. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ हा स्वर मात्र २००८ साली या प्रणालीत स्वतंत्र अक्षर म्हणून दाखल झाला. अक्षरमालेतील एका अक्षराला यंत्रात जागा मिळण्यासाठी इतकी वर्षे लागली, यावरून या कामाचे स्वरूप कळते.

दुसरी पायरी म्हणजे भाषेचा संग्रह. मूल जसे हजारो वाक्ये ऐकून बोलायला शिकते, तसे यंत्रालाही पुष्कळ मजकूर पुरवावा लागतो. १९९१ पासून भारतीय भाषांचे असे संग्रह तयार करण्याचे काम निरनिराळ्या संस्थांकडे सोपविण्यात आले. मराठीचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे होते, तर कन्नड, तमिळ, तेलुगू आणि मल्याळम या भाषांचे काम म्हैसूरच्या संस्थानाकडे होते. प्रत्येक भाषेतील सुमारे तीस लाख शब्दांचा मजकूर जमविण्याचे उद्दिष्ट होते. पुढे हे संग्रह म्हैसूरला एकत्र आले. त्याच संस्थानात भारतीय भाषांच्या लेखी व ध्वनिमुद्रित सामग्रीचे स्वतंत्र केंद्र उभे राहिले आणि २००८ साली ज्ञानग्रंथांच्या भाषांतरासाठी राष्ट्रीय अनुवाद अभियान सुरू झाले.

२०१६ साली या संस्थानाने ‘भारतवाणी’ हे संकेतस्थळ लोकांसाठी खुले केले. शब्दकोश, पाठ्यपुस्तके आणि अन्य ज्ञानसामग्री १२१ भारतीय भाषांत एका जागी मिळावी, हे त्याचे उद्दिष्ट आहे. १२१ हा आकडा का? २०११ च्या जनगणनेत दहा हजार किंवा त्याहून अधिक लोक बोलतात अशा भाषांची संख्या १२१ होती. त्यांपैकी केवळ २२ भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. उरलेल्यांपैकी अनेक भाषांना ना राज्य, ना वृत्तपत्र, ना पुष्कळदा शाळा.

म्हैसूर जिल्ह्याच्याच अरण्यालगत जेनू कुरुबा ही आदिवासी जमात राहते. जंगलातील मध गोळा करणे हा तिचा पूर्वापार व्यवसाय. ‘जेनू’ म्हणजे कन्नडमध्ये मध. आपल्याकडील कातकरी, कोलाम, कोरकू यांच्याप्रमाणेच या लोकांची बोली शासकीय कचेरीत चालत नाही. मराठी माणसाला इंग्रजी पडद्यासमोर जो परकेपणा वाटतो, तोच परकेपणा कातकरी स्त्रीला प्रमाण मराठीच्या पडद्यासमोर वाटत असतो. हे ध्यानात घेतले, तरच आपली भाषेची मागणी न्यायाची ठरते. कर्नाटकात वीस लाखांहून अधिक मराठी भाषक राहतात. म्हणजे एका राज्यात बहुसंख्य असलेली भाषा दुसऱ्या राज्यात अल्पसंख्य असते.

आता यंत्रे बोललेलेही समजू लागली आहेत. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘भाषिणी’ या उपक्रमाचा भर भाषांतरावर व आवाजावर आहे. ज्याला लिहिता येत नाही, त्यालाही बोलून माहिती मागता यावी, ही दिशा आशादायक आहे. नभोवाणीने अक्षराची अट घातली नव्हती. आता संगणकही ती अट सैल करू पाहत आहे. पण वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांचे आवाज यंत्राने ऐकलेच नसतील, तर ते पुन्हा प्रमाण भाषेचेच ऐकेल. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो मराठीच्या प्राचीन परंपरेचा गौरव आहे. यंत्राला मात्र आजची, शेतातली, बाजारातली आणि घरातली मराठी लागते. ती आपणच बोलून, लिहून आणि वापरून त्याला देऊ शकतो.

पाठगत प्रश्न ३

(१) मे २०२१ मध्ये अनेकांना लस मिळण्यात कोणते दोन अडथळे आले?
(२) रिकाम्या जागा भरा : भारतीय भाषा संस्थानाची स्थापना ……… साली ……… येथे झाली.
(३) युनिकोडमुळे मराठी मजकुराची कोणती अडचण दूर झाली?

(ऊ) हक्क आणि हातोटी

तंत्रज्ञानापर्यंतची पोहोच ही कोणाची मेहेरबानी नाही. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार, आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषेचा विचार करावा असे म्हटले आहे. त्याच कायद्यानुसार ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याची तोंडी विनंती लेखी स्वरूपात आणण्यासाठी माहिती अधिकाऱ्याने साहाय्य करावयाचे असते.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक महत्त्वाचा निकाल दिला. बँकेची किंवा मोबाइलची ओळख-पडताळणी करताना कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगितले जाते. ॲसिडहल्ल्यात डोळे गमावलेल्या व्यक्तींना आणि दृष्टिहीनांना हे अशक्य होते. अशा व्यक्तींच्या याचिकांवर निर्णय देताना, डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच ही अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि पडताळणीचे सुलभ मार्ग उपलब्ध करून देण्याचे निर्देश दिले. डोळे मिटता येत नाहीत म्हणून माणूस जिवंत नाही असे मानणारी व्यवस्था बदलली पाहिजे, हा त्याचा सरळ अर्थ आहे.

हक्काबरोबर हातोटीही हवी. अर्ज भरून घेताना पडदा आपल्याकडे वळविण्यास सांगावे. नाव, जन्मतारीख आणि रक्कम स्वतः वाचून पाहावी किंवा विश्वासातील माणसाकडून वाचून घ्यावी. पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. परवलीचा शब्द आणि मोबाइलवर आलेला गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नये. साहाय्य करणारा ओळखीचा असला तरीही नाही. आणि आपल्याला जे जमू लागले, ते दुसऱ्या एकाला शिकवावे. शिकविताना त्याच्या हातातले यंत्र काढून घेऊन काम उरकू नये. यंत्र त्याच्याच हातात राहू द्यावे. वेळ लागेल, पण पुढच्या वेळी त्याला तुमची वाट पाहावी लागणार नाही.

म्हैसूरच्या एका घरातून ‘आकाशवाणी’ निघाली, तेव्हा लोक ऐकू लागले. त्याच शहरातून ‘भारतवाणी’ निघाली, ती लोकांनी वाचावे आणि शिकावे म्हणून. यापुढचा टप्पा लोकांनी स्वतः बोलण्याचा आणि त्यांचे ऐकले जाण्याचा आहे. तो गाठला गेला, तरच तंत्रज्ञान सर्वांचे झाले असे म्हणता येईल.

१२.४ शब्दार्थ

प्रक्षेपण – ध्वनी किंवा चित्र दूरवर पाठविणे
परवलीचा शब्द – प्रवेशासाठीचा गुप्त शब्द
फेरफार – जमिनीच्या नोंदीतील अधिकृत बदल
परावलंबन – दुसऱ्यावर विसंबून राहणे
याचक – मागणारा
अगम्य – न समजणारे
अनुसूची – कायद्याला जोडलेली यादी
प्रसृत करणे – सर्वत्र पोहोचविणे
हातोटी – काम करण्याचे कौशल्य

१२.५ भाषाभ्यास

नवे यंत्र आले, की भाषेला नवे शब्द घडवावे लागतात. पुष्कळदा जुन्या शब्दांची जोड करून असे शब्द तयार होतात. दोन किंवा अधिक शब्दांच्या अशा एकत्रीकरणाला समास म्हणतात. पुढील उदाहरणे पाहा.

आकाशवाणी – आकाशातून आलेली वाणी (तत्पुरुष समास)
भारतवाणी – भारताची वाणी (षष्ठी तत्पुरुष समास)
कागदपत्र – कागद, पत्र वगैरे (समाहार द्वंद्व समास)
गावोगाव – प्रत्येक गावी (अव्ययीभाव समास)

‘संकेतस्थळ’ हा शब्दही असाच आहे. पूर्वी त्याचा अर्थ ‘ठरवून भेटण्याची जागा’ असा होता. आज इंटरनेटवरील माहितीच्या जागेला आपण हाच शब्द वापरतो. ‘आकाशवाणी’प्रमाणे येथेही जुन्या शब्दाला नवा अर्थ मिळाला.

१२.६ आपण काय शिकलो?

• नभोवाणीसाठी केवळ ऐकणे पुरेसे होते. डिजिटल साधनांसाठी यंत्र, जोडणी, अक्षरे आणि भाषा या चारही गोष्टी लागतात.
• ‘भूमी’ प्रकल्पातील दुसऱ्या पडद्याने शेतकऱ्याला आपली नोंद स्वतः पाहण्याची संधी दिली.
• ठसा न जुळणे हे यंत्राचे अपुरेपण असू शकते. म्हणून पर्यायी वाट असणे आवश्यक आहे.
• लसीकरणाच्या अनुभवावरून दिसते की, वाट समान नसेल तर हक्कही समान राहत नाही.
• म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने भारतीय भाषांना यंत्रात आणण्याचे महत्त्वाचे काम केले.
• आपल्या भाषेत दाद मागण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे.

१२.७ स्वाध्याय

(१) ‘पडदा कोणाकडे वळलेला आहे?’ या प्रश्नाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
(२) ‘मराठी माणसाला इंग्रजी पडद्यासमोर वाटणारा परकेपणा’ आणि ‘कातकरी स्त्रीला प्रमाण मराठीसमोर वाटणारा परकेपणा’ यांतील साम्य लिहा.
(३) माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील, निरक्षर नागरिकाला उपयोगी पडणारी तरतूद सांगा.
(४) तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एका सेवा केंद्राला भेट द्या. तेथे पडद्याची भाषा, शुल्काचा फलक, पावती आणि अपंगांसाठीची सोय यांची पाहणी करून दहा ओळींत नोंद लिहा.
(५) शिधावाटप दुकानात अंगठ्याचा ठसा न जुळल्यामुळे धान्य मिळाले नाही, अशी कल्पना करून तहसीलदारांना मराठीत तक्रारअर्ज लिहा.
(६) विग्रह करा : भाषासंग्रह, शब्दकोश, संकेतस्थळ.

१२.८ पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (१) म्हैसूर (२) नभोवाणी ऐकायची असते, वाचायची नसते, म्हणून (३) (ख)

प्रश्न २ : (१) आपली नोंद उघडली जात असताना ती पाहता आली व चूक तेथेच दाखविता आली (२) अर्ज आलेल्या क्रमाने (३) चूक

प्रश्न ३ : (१) इंटरनेटची सोय नसणे व संकेतस्थळाची भाषा इंग्रजी असणे (२) १९६९, म्हैसूर (३) एका संगणकावरील मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर वाचता न येण्याची अडचण दूर झाली